पुन्हा पाहिलेला ‘हकीकत’



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती रास्तच होती. आमची बरीचशी हयात रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली. शाळेशी आमचा संबंध सातवीत सुटला. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांपासून आणि कामगारांच्या तक्रारअर्जांपासून. अशा माणसाने चित्रपटावर बोलायला उभे राहावे याचे कोणाला नवल वाटले तर त्यात गैर नाही. पण आम्ही बोलणार आहोत ते कामगारांविषयीच. वाट तेवढी एका युद्धपटातून जाते, एवढे आपण चालवून घ्यावे.

तो युद्धपट म्हणजे ‘हकीकत’. तो आम्ही दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही चौदा-पंधरा वर्षांचे होतो. दुसऱ्यांदा पाहिला तो २०२२ साली, म्हणजे टाळेबंदी आणि महामारी यांतून आपण सारे पार पडल्यावर. चित्रपट तोच होता, पण आम्हांला दिसलेली गोष्ट मात्र निराळी होती. ती निराळी का दिसली, हे आज सांगायचे आहे.

पहिल्या वेळची गोष्ट रोह्याची. त्या काळी गणेशोत्सवात गल्लोगल्ली पडदा बांधून चित्रपट दाखवीत. यंत्र आणि रिळांचे डबे एस.टी.ने येत. दोन घरांच्या मध्ये पडदा ताणला की पुढची जागा बायकामुलांनी आधीच धरलेली असे आणि उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागे बसावे लागे. आम्ही मागे बसलो. मागून पाहणाऱ्याला सारे उलटे दिसते हे आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. त्या रात्री आमच्या दृष्टीने सारी हिंदी फौज डावखुरी होती. तरीही आम्ही रडलो. खिंड अडवून धरणारा तरुण कप्तान पडला तेव्हा गल्लीत एवढी शांतता झाली की, यंत्राचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. चित्रपट संपल्यावर आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, “मरण यावं तर असं.” आम्हांलाही अगदी तसेच वाटले. पुढे कित्येक वर्षे ‘हकीकत’ म्हटले की आम्हांला एवढेच आठवे: बर्फ, बलिदान आणि शेवटी रफीसाहेबांचा आवाज.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चित्रपट १९६४ सालचा. दिग्दर्शक चेतन आनंद, गीते कैफी आझमींची, संगीत मदनमोहन यांचे. मेजरच्या कामात बलराज साहनी आणि कप्तानाच्या कामात धर्मेंद्र. विषय १९६२ च्या चीन-युद्धाचा. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजांनी लडाख आणि नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, अशा दोन्ही बाजूंनी मोठी चढाई केली आणि २१ नोव्हेंबरला आपण होऊन युद्धबंदी पुकारली. महिनाभरात १,३८३ जवान मृत, सुमारे १,७०० बेपत्ता आणि जवळजवळ ४,००० कैदेत, असा सरकारी हिशेब झाला. कृष्ण मेनन यांना संरक्षणखाते सोडावे लागले. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे अजून अभिमानाने सांगतात.

चेतन आनंदांनी हा चित्रपट त्या जखमेची खपली धरण्याच्या आतच काढला. जिंकलेल्या लढाईचे चित्रपट पुष्कळ निघतात. हा माघारीचा चित्रपट आहे. ठाण्यावरची माणसे थोडी, समोरचा शत्रू अनेकपट, आणि पहिली गोळी आपण झाडायची नाही असा हुकूम. मग वेढा, आणि वेढ्यातून पायी परतणे. चित्रपटाचा मोठा भाग म्हणजे दमलेल्या माणसांचे चालणे आहे.

काढणारी माणसे कोण होती हेही पाहण्यासारखे आहे. चेतन आनंद, बलराज साहनी आणि कैफी आझमी ही तिन्ही माणसे इप्टाच्या, म्हणजे भारतीय जननाट्य संघाच्या परिवारातली. कैफींनी मुंबईत गिरणी कामगारांमध्ये राहून काम केले होते. चेतन आनंदांचा १९४६ चा ‘नीचा नगर’ हा वरच्या वस्तीतल्या धनिकाने घाण पाण्याचा नाला खालच्या वस्तीकडे वळवल्याची गोष्ट सांगतो. आमच्या कुंडलिकेच्या काठावरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आणि बलराज साहनी म्हणजे १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मधला शंभू. जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढणारा शेतकरी. हे आम्ही माहिती म्हणून सांगत नाही. याचा पुढे संबंध आहे.

आता २०२० कडे येऊ.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. अंमल मध्यरात्रीपासून, म्हणजे मध्ये चार तास. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले की, महाभारताचे युद्ध अठरा दिवसांत जिंकले गेले, हे युद्ध एकवीस दिवसांत जिंकण्याचा प्रयत्न आहे. तेव्हापासून सारी भाषाच युद्धाची झाली. डॉक्टर योद्धे, परिचारिका योद्धे, सफाई कामगार योद्धे, पोलीस योद्धे. हे कोणा एका पक्षाचे किंवा पुढाऱ्याचे काम नव्हते. वर्तमानपत्रे तेच लिहीत होती, नगरपालिका तेच बोलत होत्या, आणि आम्हीही तेच बोलत होतो. याची कबुली पुढे देणारच आहे.

त्या दिवसांत आपल्या या रेल्वेमार्गावरून जे गेले ते पेण आणि रोहा या दोन्ही गावांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पनवेलहून पेण, कासू, नागोठणे करीत मध्य रेल्वेचा मार्ग रोह्याला संपतो आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. मुंबईत खोलीचे भाडे थकलेली, खाणावळी बंद झाल्याने उपाशी पडलेली कोकणी माणसे रुळांवरून चालत निघाली. कोणाला चिपळूण गाठायचे होते, कोणाला राजापूर, कोणाला कणकवली. रस्त्याने जावे तर पोलीस अडवतात. रूळ चुकत नाही आणि रुळावर कोणी विचारत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. डोक्यावर बोचके, पायांत रबरी चप्पल. त्याच रुळांवरून उलट्या दिशेने धाटावच्या कारखान्यांतले उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसाकडचे कंत्राटी कामगार पनवेलकडे निघाले होते. दोन रांगा एकमेकींना ओलांडून जात. एक दक्षिणेकडे घरी, दुसरी उत्तरेकडे घरी.

आपल्या लोकांनी त्यांना भाकरी दिली, पाणी दिले, हे खरे आहे. काही गावांच्या वेशीवर बांबू आडवे टाकून त्यांना आत येऊ दिले नाही, हेही खरे आहे. भीती सगळ्यांनाच होती. आम्ही कोणाला दोष द्यायला उभे नाही.

३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशातल्या रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडपाशी रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याहून निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल या आशेने. रुळांत पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. या दोन घटनांत पाच दिवसांचे अंतर आहे.

आता आमची कबुली. आमच्या भागातल्या एका कारखान्यात औषधांना लागणारा कच्चा माल बनतो, त्यामुळे तो अत्यावश्यक ठरला आणि टाळेबंदीतही चालू राहिला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तसे कारखाने अनेक होते. कायम कामगारांना कंपनीची गाडी होती. कंत्राटी कामगार सायकलीने येत, काही चालत येत. ३ जूनला निसर्ग वादळ आले, रोह्यात हजारो घरांचे पत्रे उडाले. त्यातले कित्येक जण तिसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली बायकापोरे ठेवून शिफ्टला हजर होते. त्या वर्षी १५ ऑगस्टला कारखान्याच्या फाटकात समारंभ झाला. कामगारांना ‘कोरोना योद्धा’ अशी सन्मानपत्रे वाटायची होती. व्यवस्थापनाने आम्हांला बोलावले आणि आम्ही गेलो. सन्मानपत्रे आमच्या हातून वाटली गेली. आम्ही भाषण केले. सरहद्दीवर जवान आणि यंत्रावर कामगार, असे काहीसे आम्ही बोललो आणि टाळ्या घेतल्या. जोखीमभत्त्याची मागणी त्या दिवशी आमच्या खिशात लिहिलेली होती; समारंभात ती काढणे बरे दिसणार नाही, म्हणून आम्ही ती खिशातच ठेवली.

त्या दिवशी आमच्या हातून सन्मानपत्र घेणाऱ्यांत एक चाळिशीचा कंत्राटी कामगार होता. तो रोह्याजवळच्याच एका वाडीतला. पिंपे उचलण्याच्या कामावर नऊ वर्षे होता. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल महिन्यात तो आजारी पडला. ते दिवस आपल्याला आठवतात. आपल्याच पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायूचे टँकर राज्यभर धावत होते, आणि तरीही जागोजागी माणसे श्वासाला मोताद झाली होती. या माणसाला खाट मिळेपर्यंत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तो गेला.

दोन महिन्यांनी त्याची पत्नी युनियनच्या कचेरीत आली. तिच्या पिशवीत मृत्यूचा दाखला होता, आधारकार्ड होते आणि जाड पुठ्ठ्याच्या चौकटीतले ते सन्मानपत्र होते. भविष्यनिर्वाह निधीला जोडलेली एक विमा योजना आहे. नोकरीत असताना कामगार मेला तर वारसाला तिची रक्कम मिळते. त्याच एप्रिलच्या अखेरीस सरकारने तिची कमाल मर्यादा सहा लाखांवरून सात लाखांवर नेली होती. आम्ही मोठ्या खात्रीने अर्ज लिहायला घेतला, आणि खाते पाहिले तेव्हा कळले की तिथे त्याचे नाव नाही. आधीचा ठेकेदार बदलून नवा आला होता. नव्याने पगारातून कपात केली, पण मस्टरवर नाव चढवले नाही आणि निधीत भरणाही केला नाही. तो कारखान्यात कामाला होता याचा कागदी पुरावा काय, तर ते सन्मानपत्र. ज्या कंपनीच्या सन्मानपत्रावर त्याचे नाव ठळक अक्षरांत होते, तिच्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर ते नव्हते.

ती बाई आम्हांला म्हणाली, “भाऊ, तुमच्याच हातून दिलंत ना हे? मग तुमच्या वहीत तरी त्यांचं नाव असेल.”

आमच्या वहीतही नव्हते. आमची युनियन कायम कामगारांची. कंत्राटी कामगार आमच्या मोर्चात येत, आमच्या घोषणा देत, आणि नऊ वर्षांत आम्ही त्यांच्या नावाची पावती फाडली नव्हती. ठेकेदाराला आम्ही पुढे न्यायालयात खेचले, ते प्रकरण चालू आहे, तिला सरकारचे पन्नास हजारांचे सानुग्रह साहाय्य मिळवून दिले, हे सगळे झाले. पण त्या दिवशी तिच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अशा अवस्थेत आम्ही ‘हकीकत’ दुसऱ्यांदा पाहिला.

२०२२ च्या ऑक्टोबरात चीन-युद्धाला साठ वर्षे झाली. त्या निमित्ताने युनियनच्या कचेरीत भिंतीवर चादर लावून चित्रपट दाखवावा असे आमच्या तरुण मंडळींनी ठरवले. पंचवीस-तीस जण होते. कायम होते, कंत्राटीही होते. या वेळी आम्ही चादरीच्या पुढे बसलो होतो.

लहानपणी आम्ही कप्तानाच्या मरणाकडे पाहिले होते. आता आमचे डोळे सारखे पायांकडे जात होते. १९६२ साली आपल्या अनेक जवानांच्या पायांत त्या थंडीला पुरेल असे बूट नव्हते, अंगावर हिवाळी कपडे पुरेसे नव्हते, हातांत जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका होत्या. हे पुढे सेनाधिकाऱ्यांनी लिहून ठेवलेलेच आहे. चित्रपटात माणसे बर्फातून चालतात, एकमेकांना धरून चालतात, बसली की उठत नाहीत. ते पाहताना आम्हांला कासू आणि नागोठण्याच्या मधला रूळ दिसत होता. रात्री थांबलेले जवान घरच्या आठवणी काढतात, तिथे चार गायकांच्या आवाजातले गाणे आहे. तेव्हा आमच्या कचेरीतला एक ओरिसाचा पोरगा मान खाली घालून बसला होता. आणि मेजर पाहताना राहून राहून वाटत होते, हा तर शंभू! तोच चेहरा. १९५३ साली तो हातरिक्षा ओढत होता, १९६४ साली गणवेशात आहे. जमीन गेलेला शेतकरी शहरात मजूर होतो आणि त्याचा भाऊ फौजेत शिपाई होतो. माणूस एकाच घरातला असतो. जवान आणि कामगार यांची तुलना आम्ही फाटकावर टाळ्यांसाठी केली होती. ती खरी कुठे आहे हे त्या रात्री कळले. ती शौर्यात असेल किंवा नसेल. पण दोघांनाही आधी हुकूम मिळतो आणि सामान मागून येते, कधी कधी येतच नाही, यात ती नक्की आहे.

चित्रपट संपल्यावर दिवे लागले. बिहारकडचा एक कामगार, जो २०२० साली धाटावहून पनवेलपर्यंत चालत गेला होता, तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, “काका, यांना मागे फिरायचा हुकूम तरी मिळाला. आम्हाला जिथे आहात तिथे थांबा म्हणाले, आणि थांबण्यापुरतं काही दिलं नाही.”

या एका वाक्यात त्याने सारा कायदा सांगितला. २९ मार्च २०२० ला केंद्र सरकारने आदेश काढला होता की, मालकांनी टाळेबंदीचा पगार कापू नये आणि घरमालकांनी महिन्याचे भाडे मागू नये. आदेश चांगला होता, पण तो पाळून घेणारा कोणी नव्हता, आणि मेच्या मध्यावर तो उठलाही. चौकी सोडू नका असे सांगायचे आणि रसद पाठवायची नाही, याला माघारीशिवाय दुसरा शेवट नसतो. मग चालत निघालेल्या माणसाला आपण बेशिस्त म्हणायचे की काय म्हणायचे?

इथे कोणी म्हणेल, तुम्ही जवानांच्या बलिदानाला कमी लेखता. तसे मुळीच नाही. उलट आमचे म्हणणे असे आहे की, बलिदानाचा मान राखायचा तर मोजणी करावी लागते. याचे उदाहरण त्याच युद्धात आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला येथे १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली लढली. सुमारे १२० माणसे होती. ११० हून अधिक तिथेच पडली. जे चार-दोन जण वाचून आले त्यांनी घडलेले सांगितले, तर त्यांच्यावर नीट विश्वास बसेना. पुढे १९६३ च्या फेब्रुवारीत एका धनगराला ती प्रेते दिसली. बर्फात गोठलेली, कित्येकांच्या हातांत हत्यारे तशीच. मग माणसे गेली, प्रेते मोजली, ओळखली, त्यांना अग्नी दिला. तेव्हा कुठे त्यांचे शौर्य सिद्ध झाले आणि मेजरना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. कोणी मोजायला गेलेच नसते तर? तर ते शूर ठरले नसते. बेपत्ता ठरले असते.

१९६२ नंतर देशाने प्रश्न विचारले. मंत्री गेला. सैन्याला डोंगरी तुकड्या, बूट आणि बंदुका मिळाल्या. पराभवाची चौकशीही झाली. पण हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा तो अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. म्हणजे निम्मा हिशेब झाला, निम्मा कपाटात राहिला.

२०२० नंतर काय झाले? १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारण्यात आले की, टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित कामगार मेले. उत्तर आले की अशी नोंद ठेवलेली नाही, आणि नोंद नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच अधिवेशनात रेल्वेने श्रमिक गाड्यांत ९७ जण मेल्याचे सांगितले. एक कोटीहून अधिक कामगार घरी परतले, हा आकडा सरकारपाशी होता. परतताना किती पडले हा नव्हता. आणि १९७९ पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा या देशात होता! पाच किंवा अधिक असे कामगार असले की ठेकेदाराला परवाना लागे, नोंदवही ठेवावी लागे, विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता द्यावा लागे. त्या नोंदवह्या खरोखर लिहिल्या गेल्या असत्या तर कोण कुठे आहे हे २४ मार्चच्या रात्री सरकारला कळले असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. तो कायदा त्यांत विरला आणि पाचाची मर्यादा दहावर गेली. दुसऱ्या बाजूने, ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे तिच्यात चढली, हेही सांगितले पाहिजे. ती नावे चालत गेलेल्यांच्या पायांनी लिहिली आहेत असे आम्ही मानतो. पण नाव चढणे आणि नावावर काही मिळणे यांत अजून बरेच अंतर आहे.

उर्दूत हकीकत म्हणजे सत्य. आपल्या मराठीत तोच शब्द हकिगत होऊन आला आणि त्याचा अर्थ झाला घडलेल्या गोष्टीचे निवेदन. फौजदार म्हणतो, “हकिगत सांग.” वकील म्हणतो, “आधी हकिगत लिहून आण.” कोण होता, कुठे होता, काय झाले, कोणामुळे झाले. हकिगतीत विशेषणे चालत नाहीत. एखाद्या कामगाराला आपण योद्धा म्हणतो तेव्हा हकिगत थांबते. कामगाराला मजुरी देणे लागते; योद्ध्याला मानवंदना दिली की भागते. कामगार यंत्रावर मेला तर चौकशी होते. योद्धा मेला तर श्रद्धांजली होते. या फरकाचा फायदा कोणाला होतो, हे आम्ही फाटकातल्या समारंभात ओळखायला हवे होते. ओळखले नाही, कारण टाळ्या आम्हांलाही आवडतात.

त्यानंतर आम्ही एक काम केले. मोठे नाही. युनियनने एक वही घातली. धाटावमध्ये जो कोणी काम करतो त्याचे नाव, गाव, ठेकेदार, कामावर लागल्याची तारीख आणि निधीच्या खात्याचा आकडा त्यात लिहायचा, मग तो आमचा सभासद असो वा नसो. खाते नसेल तर त्या रकान्यात लाल शाईने फुली. पहिल्या वर्षी फुल्याच जास्त होत्या. दर महिन्याला ती पाने घेऊन आम्ही कचेऱ्यांत जातो. काही फुल्या गेल्या, काही आहेत. वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव आम्ही त्या वारलेल्या कामगाराचे घातले आहे. त्याची पत्नी आता त्याच वसाहतीत कामाला आहे. तिचे नाव सतराव्या पानावर आहे आणि तिच्या नावापुढे फुली नाही.

जाता जाता पेणकरांना एक विनंती. आपल्या गावाचे आणि हमरापूर-जोह्याचे गणपती देशात आणि परदेशांत जातात. २०२० साली सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा घातली, तेव्हा कारखानदारांचे काय हाल झाले हे आपण जाणता. पण मातीकाम करणारी, रंग मारणारी, डोळ्यांची आखणी करणारी किती माणसे त्या वर्षी घरी बसली आणि त्यांना काय मिळाले, याचा आकडा आपल्या गावात कोणापाशी आहे काय? नसेल तर या व्याख्यानमालेच्या तरुण श्रोत्यांनी ते काम अंगावर घ्यावे. कलावंत म्हणून त्या कारागिरांचा सत्कार पुढे करता येईल. आधी त्यांची नावे लिहून काढा.

गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे वाक्य आम्ही चाळीस वर्षे मनात बाळगले. मरण यावे तर असे. आता आम्ही त्यांच्या पुढे बसलो असतो तर नम्रपणे म्हटले असते, बाबा, मरण कसे यावे हे त्या पोरांनी ठरवले नव्हते. पायांत बूट कोणते असावेत हे मात्र कोणीतरी ठरवले होते. त्या कोणीतरीचे नाव विचारणे म्हणजे मेलेल्यांचा अपमान नव्हे. तीच त्यांची हकिगत आहे.